शिकलगारांचा हंजला

बडोद्याच्या तांदळज्यातल्या शिकलगारांच्या घरात दोन वस्तू कधी बोथट झाल्या नाहीत. एक सुरी आणि दुसरी दौलतबीची जीभ. सुरी तरी ती आठ दिवसांनी उंबऱ्याच्या दगडावर घासायची. जिभेला तेवढीही गरज लागायची नाही.

सासरे कऱ्हाडहून रेल्वेच्या कारखान्यात हत्यारांना धार लावायला म्हणून बडोद्याला आले, त्याला साठ वर्षं झाली असतील. दौलतबी लग्न होऊन आली ती दहिवडीच्या माळावरून. शाळा दुसरीपर्यंत, तीही पावसाळ्यात बुडवलेली. पण बाई अशी की तिला घरात मराठी, मशिदीच्या दारात उर्दू आणि भाजीवाल्याशी गुजराती सारख्याच तिखट यायच्या. वासणा रोडवरचे भाजीवाले ती दिसली की तराजू नीट धरायचे.

त्या गुरुवारी दुपारी ती उंबऱ्यात बसून सुरीच घासत होती. सून शमशाद आत मटणाला वाटण करत होती. मुलगा निसार ड्युटीवर गेलेला. घरी असता तरी फरक पडला नसता, कारण त्या घरात बोलायचं खातं एकटीकडं होतं. नातवाचं, हंजलाचं, लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. मुलगी करजणची, तस्कीन नावाची, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. पोरं एकमेकांना पसंत, घरंही पसंत. आता फक्त पत्रिका छापायच्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. करजणहून झुबेदाफोई. ही मुलीच्या बापाची थोरली बहीण. त्या घराची दौलतबीच म्हणा ना.

"दौलतबेन, खोटुं ना लगाडशो," फोईनं सुरुवात केली.

वाईट वाटून घेऊ नका असं म्हणत जो येतो तो वाईटच घेऊन येतो, हे दौलतबीला सत्तर वर्षांत पक्कं कळलं होतं. तिनं सुरी खाली ठेवली.

"बोला."

"अमारो फारूक इंग्लंडमां छे ने, त्यानं फोनवर बघितलं. तुमच्या छोकऱ्याच्या नावाचा अर्थ. हंजला म्हणजे कडू फळ. कडवुं झेर! जनावरंसुद्धा खात नाहीत असं."

"बरं."

"बरं काय, बेन? पुढं ऐका. ज्या सहाबींचं, आपल्या पैगंबरांच्या सोबत्याचं, हे नाव, त्यांचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते लढाईत शहीद झाले. एका रात्रीची नवरी मागं राहिली. आमची नईमा, तस्कीनची मां, हे ऐकल्यापासून जेवली नाही. आता पत्रिका छापायला द्यायच्या. तुम्ही छोकऱ्याचं नाव बदला. हम्माद ठेवा. सरस नाव छे. निकाहनाम्यात पण तेच लिहू."

"आणि नाही बदललं तर?"

मग फोई म्हणाली, "तो पछी विचारवुं पडशे."

विचार करावा लागेल! दौलतबीच्या कानशिलाला आग लागली. पण तिनं त्या दिवशी एक गोष्ट केली जी शमशादनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तिनं उलट उत्तर दिलं नाही. "रविवारी येते करजणला," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी हंजला प्लँटवरून आला. सव्वासहा फूट उंच, दारातून वाकून येणारा पोरगा. त्याला तस्कीननं आधीच सगळं सांगितलं होतं.

"दादी, बदलून टाकू ना," तो बूट काढता काढता म्हणाला. "एक ॲफिडेव्हिट करायचं. हम्माद वाईट आहे का?"

"वाईट कुठंय? दुसऱ्याच्या पोराला छान दिसेल."

"तुला चेष्टा सुचते. शाळेत बाई हजेरी घेताना माझ्या नावापाशी अडखळायच्या. पोरं मला हंगामा म्हणायची. प्लँटच्या गेटवर नवा वॉचमन आला की दोनदा विचारतो. आख्ख्या तांदळज्यात दुसरा हंजला दाखव मला. सलमान आहेत, इम्रान आहेत, समीर तर दगड मारला तर समीरला लागेल. मलाच हे कुठून काढलंत? कुणी ठेवलं?"

"मी ठेवलं."

"का?"

आत शमशादच्या हातातली पळी पातेल्यावर जरा जोरात आपटली.

"एका मोठ्या माणसाचं नाव आहे," दौलतबी म्हणाली. "फरिश्त्यांनी ज्याला आंघोळ घातली त्याचं. आणखी काय पाहिजे?"

"हे मी लहानपणापासून ऐकतोय. पण मोठी माणसं पुष्कळ झाली. त्यातला हाच का?"

"हात धू. मटण निवतंय."

पोरगा वैतागून उठला. त्याला वाटलं, दादीचा हट्ट. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. त्याला काय ठाऊक की बडोद्यात जिची जीभ कुणाला आवरली नाही, ती बाई या एका गोष्टीवर सत्तावीस वर्षं दात आवळून बसली होती.

गोष्ट अशी होती.

हंजलाच्या आधी शमशादला दोन मुलं झाली. पहिला अश्फाक. एकोणीस दिवसांचा होऊन गेला. दुसरा अरमान, चार महिन्यांचा, हसायला लागलेला. नावं दोन्ही गोड, घरातल्या सगळ्यांनी मिळून हौसेनं ठेवलेली. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा शमशादनं झबलंसुद्धा शिवायला घेतलं नाही. पोर जन्मलं, रडलं, तरी ती त्याच्याकडं नीट बघेना. बघितलं की जीव जडेल आणि जडला की जाईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

दौलतबीला मग दहिवडी आठवली. तिच्या माहेरी शेजारच्या जिजाबाईची तीन लेकरं पाठोपाठ गेली होती. चौथ्याला जिजाबाईनं उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि केरबा म्हटलं. केरकचरा कोण चोरणार? तो केरबा फौजेतून सुभेदार होऊन परत आला, मिशांना पीळ देत. दौलतबीचा स्वतःचा चुलता दगडू. मुसलमान असला म्हणून काय झालं, त्या माळावर मौत सगळ्यांच्या घरी एकाच रस्त्यानं यायची आणि तिला चकवायची रीतही सगळ्यांची एकच होती. दगडूचाचा नव्वद वर्षं जगला आणि शेवटपर्यंत ऊस दातानं सोलून खाल्ला.

पण या रीतीला एक अट होती. नाव का ठेवलं ते बोलायचं नाही. दगडूला दगडू का म्हणतात ते दगडूला सांगायचं नाही. बोललं की राखण सुटते.

म्हणून सातव्या दिवशी अकीक्याच्या, म्हणजे बारशासारख्या विधीच्या, आधी दौलतबी पोराला दुपट्यात गुंडाळून मशिदीच्या मौलानांकडं गेली होती. मौलाना आझमगढचे, म्हातारे, पांढऱ्या भुवयांचे.

"मौलाना, पोराचं नाव दगडू ठेवायचंय."

"क्या?"

"दगडू. पत्थर."

"तौबा, बीबी! नाम अच्छा रखो. क़यामत के दिन इसी नाम से पुकारा जाएगा."

"क़यामत नंतर बघू. आधी ह्याला वर्षाचा होऊ द्या."

मौलानांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मग पोराकडं. मोहल्ल्यातल्या दोन लहान जनाज्यांची नमाज त्यांनीच पढवली होती, त्यांना आणखी सांगायची गरज पडली नाही. "नामानं कोई मरत नाही आणि जगत नाही, जिंदगी अल्लाहच्या हातात," असं ते आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले. दौलतबी म्हणाली, "ते मला पण ठाऊक. पण अल्लाहनं आजीला काळीजसुद्धा दिलंय, त्याचं काय करू?"

मग मौलानांनी सांगितलं की जुने अरब लोकसुद्धा मुलांना नरम नावं ठेवत नसत. काटेरी झाडांची, जनावरांची, कडू वेलींची ठेवत. दुश्मनानं ऐकलं की तोंड फिरवावं म्हणून. आणि त्यातली काही नावं अशा माणसांना लाभली की ती पाक झाली. "हंजला रख दो. सहाबी का नाम है, कोई उँगली नहीं उठाएगा. और मतलब है एक फल. रेत में होता है, छोटे तरबूज़ जैसा. इतना कड़वा कि जानवर मुँह फेर ले."

दौलतबीचे डोळे चमकले. "पट्टेरी? वेल जमिनीवर पसरतो? सगळं करपलं तरी हिरवा राहतो?"

"हाँ."

"अहो मौलाना, हे तर आमचं कडू वृंदावन!"

दहिवडीच्या माळावर ती लहानपणी हीच फळं लाथेनं उडवत शेळ्यांमागं फिरली होती. दुष्काळात बाभळीचा पाला संपायचा, शेळ्या काट्याकुट्याला तोंड लावायच्या, पण ह्या फळाला नाही. ज्या वर्षी माळावर काहीच उरलं नाही त्या वर्षीही ते वाळूत पिवळंधमक बसलेलं तिनं पाहिलं होतं. अरबस्तानातला वेल आणि माणदेशातला वेल एकच निघाला. असं नाव बडोद्यात दुसऱ्या कुणाला सापडलं असतं का? दौलतबी त्या दिवशी मशिदीतून निघाली ती राणीसारखी. घरी येऊन तिनं शमशादच्या मांडीवर पोर ठेवलं आणि कानात फक्त एवढं सांगितलं, "कडू आहे. कुणी नेणार नाही. बघ त्याच्याकडं." शमशादनं पाहिलं. त्या दिवसापासून दोघी गप्प.

रविवारी सकाळी हंजलानं मित्राची गाडी आणली; निसार रविवारीही ड्युटीवर. मागं शमशाद सासूच्या शेजारी बसली. गाडी हायवेला लागल्यावर, पुढं पोराला ऐकू जाणार नाही असं ती हळूच म्हणाली, "अम्मा, ते सांगणार नाही ना तुम्ही?"

"वेडी का तू?"

"लग्न मोडलं तर मोडलं. त्याचं नाव बदललं तरी चालेल मला. पण ते बोलू नका. माझी शपथ आहे."

"मी बोलून जिंकेन गं. ते न सांगता जिंकेन. दौलतबी आहे मी."

करजणला तस्कीनच्या वडलांचं, याकूबभाई पटेलांचं, घर बाजाराच्या मागं. स्वागत चांगलं झालं. खारी शिंग, म्हणजे खारे दाणे, आली, नानखटाई आली, चहा आला. याकूबभाई सज्जन माणूस, पाण्याच्या पंपांचं दुकान, बोलायला लागले की आधी बहिणीकडं बघायचे. नईमाबेन दाराशी खुर्ची ओढून बसली होती, डोळे सुजलेले. तस्कीन आईच्या मागं उभी. आणि मध्ये सोफ्यावर झुबेदाफोई, काठीसारखी वाळकी, फोनमध्ये इंग्लंडचा मुलगा तयारच ठेवलेली.

"बेसो, दौलतबेन. आपणा घर जेवुं समजो," फोई म्हणाली.

"घरच समजते, म्हणून तर मोकळं बोलते," दौलतबी म्हणाली. "फोई, तुमचं नाव झुबेदा. त्याचा अर्थ ठाऊक आहे?"

"मोटा खलीफानी बेगमनुं नाव छे!"

"हां. पण अर्थ? मौलानांनी मला सांगितला होता. लोण्याचा गोळा."

तस्कीनच्या तोंडातून हसू फुटलं ते तिनं ओढणीत दाबलं.

"आता नावासारखंच माणूस असतं," दौलतबी म्हणाली, "तर ह्या करजणच्या उन्हात तुम्ही केव्हाच वितळला असता. आणि तुमच्याकडं बघून लोणी आठवत नाही, अल्लाह माफ करो, काडी आठवते. आमच्यात म्हण आहे, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. नावावर गेलं की असं होतं."

फोई लाल झाली, पण तीही कच्ची नव्हती. "तुमच्यात अजून एक म्हण आहे ना, बेन? अमारी बाजूमां मराठी रहे छे, मला ठाऊक आहे. कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच."

"वाह! फोई, तुम्ही आमच्या घरात शोभला असता."

याकूबभाईंनी घाईघाईनं खाऱ्या शिंगेची ताटली पुढं केली. कुणी घेतली नाही.

मग दौलतबीनं हजरत हंजलांची पूर्ण गोष्ट काढली. अर्धी गोष्ट सांगणं हे पाप, असं तिनं इंग्लंडच्या मुलाला फोनवरूनच सुनावलं. पहाटे लढाईची हाक आली तेव्हा ते नव्या नवरीजवळून उठून तसेच धावले, आंघोळ करायलासुद्धा थांबले नाहीत. शहीद झाले तेव्हा रसूलअल्लाहंनी सांगितलं की फरिश्ते त्यांना आंघोळ घालतायत. "जगात किती जणांना फरिश्त्यांनी आंघोळ घातली? आणि ती बीबी, तिला मुलगा झाला. वंश चालला, मदिन्यात त्याच्या शब्दाला मान होता. हे तुमच्या फोनमध्ये आलं नाही? की वरचं वरचं वाचलं?"

फोनमधला फारूक म्हणाला की आलं होतं खरं, पण त्यानं तिथपर्यंत वाचलं नव्हतं.

दौलतबी रंगात आली. तिला वाटलं, जिंकली. हंजलासुद्धा दादीकडं जरा कौतुकानं बघतोय. मग तिची नजर नईमाबेनकडं गेली आणि जीभ जरा जास्तच पुढं गेली.

"आणि काय हो, नईमाबेन? मुलगी तुमची, रडताय तुम्ही, आणि बोलतात फोई. पोरीच्या आईला तोंड नाही का?"

नईमाबेननं मान वर केली. तिला मराठी येत नव्हती, पण एवढं कळलं.

"छे," ती म्हणाली. आहे. मग ती हळूहळू गुजरातीत बोलली.

तिला एक भाऊ होता, समद. चार बहिणींनंतरचा. त्याचं लग्न झालं त्याच्या आठव्या दिवशी तो सासरी मिठाई द्यायला म्हणून मोटारसायकलवरून निघाला. ह्याच हायवेवर, करजणच्या चौकातून वळताना, मागून ट्रक आला. त्याच्या नवरीच्या हातावरची मेंदी गेली नव्हती. जनाज्याच्या वेळी ती मेंदीचे हात लपवायला जागा शोधत होती. "मला त्या सहाबींची बेअदबी करायची नाही, दादीमा. ते मोठे. पण काझी जेव्हा माझ्या मुलीसमोर ते नाव घेईल, तेव्हा मला तेच हात दिसणार. मी काय करू? मला समजावू नका. मला सगळं समजतं. फक्त भीती जात नाही."

दौलतबीच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. ते तिनं गिळलं. पन्नास वर्षांत तिनं किती बायकांना गप्प केलं असेल, पण तिला गप्प करणारी बाई ही पहिली, आणि तीही आवाज न चढवता. भीतीपुढं युक्तिवाद म्हणजे पुरापुढं सूप. हे तिला कळलं, कारण ती स्वतः एकदा ह्याच भीतीला दुपट्यात गुंडाळून मशिदीत गेली होती.

तिच्याकडं ह्या भीतीवरचं औषध होतं. एकच. आणि ते देता येत नव्हतं. पोरगा समोर बसलेला. बोललं तर राखण सुटते. न बोललं तर तस्कीन जाते. आणि नाव बदललं तर... दौलतबीला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती. हम्माद कितीही गोड असू दे, गोड होतं म्हणूनच भीती; गोड नावाची दोन आधीच गेली होती.

तिनं शमशादकडं पाहिलं. शपथ घातलेली सून. शमशाद नईमाबेनकडं बघत होती. ओढणीचं टोक पिळणारे तिचे हात थांबले होते.

"अम्मा," शमशाद म्हणाली, "सांगा."

"नक्की?"

"सांगा त्यांना. त्यांचं पण गेलंय."

आणि दौलतबीनं सांगितलं. अश्फाक सांगितला, अरमान सांगितला, त्यांचे दिवस आणि महिने सांगितले. केरबा सांगितला, दगडूचाचा सांगितला, मौलानांशी घातलेला वाद सांगितला. जिथं गुजराती अडली तिथं हंजला शब्द पुरवायला लागला, आणि पुरवता पुरवता मध्येच थांबला, कारण तो स्वतःच पहिल्यांदा ऐकत होता. शेवटी तिनं म्हटलं, "तुम्हाला वाटतं हे नाव मौतीला बोलावतं. नईमाबेन, हे नाव मी मौतीनं तोंड फिरवावं म्हणून शोधून आणलंय. ह्यापेक्षा कडू मिळालं असतं तर ते ठेवलं असतं. आणि हे मी आज पहिल्यांदा बोलले. का बोलू नये ते तुम्हाला सांगायला नको. आता तुम्ही ठरवा. तुम्ही हम्माद म्हणाल तर हम्माद. मी ब्रसुद्धा काढणार नाही."

"लिहून द्या," फोई पुटपुटली, पण तिचेही डोळे भरले होते.

मग नईमाबेननं विचारलं, "पछी? नंतर कधी आजारी?"

"सातवीत कावीळ झाली," शमशाद म्हणाली. "पिवळा झाला होता नुसता. महिन्यानं उठला."

"गच्चीवरून पडला," दौलतबी म्हणाली. "रिक्षाच्या टपावर. टप फाटला, हा नाही. रिक्षावाला आठ दिवस भांडत होता."

तस्कीन आईच्या खुर्चीमागून पुढं आली. "फोई, मी चार वर्षं औषधं विकते," ती म्हणाली. "आमच्याकडं लोक गोडानं आजारी पडून येतात आणि कडू घेऊन जातात. उलटं अजून कुणी आलं नाही."

दौलतबीनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. आजवर तिनं ह्या पोरीला शांत, सालस, गरीब गाय वगैरे समजून पसंत केलं होतं. गाय कसली! तिच्या मनात आलं, आली, ह्या घराची धार राखणारी आली.

नईमाबेननं डोळे पुसले. "माझ्या समदचं नाव आम्ही फार हौसेनं ठेवलं होतं," ती म्हणाली. "नावानं काय होतं आणि काय होत नाही ते अल्लाह जाणे. पण ज्या घरात अशी जीभ असलेली बाई एका मुलासाठी सत्तावीस वर्षं तोंड शिवून बसते, त्या घरात मुलगी द्यायला मला भीती नाही." मग ती नवऱ्याकडं वळली. पहिल्यांदाच याकूबभाईंनी बहिणीकडं न बघता बायकोकडं बघितलं. "प्रेसवाळाने फोन करो. नाव आहे तेच छापा. जरा मोटा अक्षरमां."

"पण मला विचारलं का कुणी?" हंजला म्हणाला. "गुरुवारी मी बदलायला तयार होतो. आता तुम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं तरी बदलणार नाही."

"तुला कोण विचारतंय?" दौलतबी म्हणाली. "नवरदेव आहेस तू. गप्प बस आणि शिंग खा."

परत येताना शमशाद मागं डोळे मिटून टेकून बसली होती. दौलतबी पुढं बसली. ट्रक जवळून गेला की ती दरवाजाची मूठ धरायची आणि ओठांत काहीतरी पुटपुटायची. कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, हवा खातेय. बोललेलं परत घेता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. आता राखण असेल ती उघड्यावर.

बडोदं जवळ आल्यावर हंजलानं विचारलं, "दादी, ते दोघं कुठं आहेत?"

"कोण?"

"अश्फाकभाई आणि अरमानभाई."

आजवर त्या घरात कुणी त्या दोघांना भाई म्हटलं नव्हतं. मोठं व्हायला वेळच मिळाला नव्हता त्यांना. दौलतबीनं मागं वळून पाहिलं. शमशादचे डोळे उघडे होते.

"कब्रस्तानात, मागच्या भिंतीकडं," शमशाद म्हणाली. "चिंच आहे तिथं. कबरी आता दिसायच्या नाहीत, सपाट झाल्या असतील."

हंजलानं घराकडं जाणारं वळण सोडून दिलं.

अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, वेळ होत आली होती. बायका फाटकाबाहेर थांबल्या. हंजला एकटा आत गेला. दगडामातीतून वाट काढत चिंचेपाशी पोचला, इकडंतिकडं पाहिलं, आणि जागा नीट न सापडल्यामुळं की काय, चिंचेच्या बुंध्यापासून भिंतीपर्यंतच्या सगळ्या जागेसमोर उभा राहून त्यानं दुआसाठी हात उचलले. लांबून तो फार उंच दिसत होता. शमशादनं सासूचा हात धरला. दौलतबीनं तो सोडवून घेतला नाही.

फाटकाजवळ राखणदार खुर्ची टाकून बसला होता, नवा माणूस. "कौन है अंदर?" त्यानं विचारलं.

दौलतबीनं पदर सारखा केला.

"दोन भावांचा धाकटा आलाय," ती म्हणाली. "हंजला शिकलगार. माझा नातू. एवढी घाई काय आहे तुम्हाला? होऊ द्या त्याचं सावकाश."